थिबा राजवाड्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा

थिबा राजवाड्याबद्दल रत्नागिरीत कोणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा वरच्या मजल्यावर बसून दुर्बिणीतून समुद्रावरची जहाजं बघायचा. त्यातलं एखादं आपल्याला परत न्यायला येईल अशी त्याला आशा होती, म्हणे. दुसरी म्हणजे त्याची थोरली मुलगी वाड्यावरच्याच एका नोकरात गुंतली. पहिली सांगताना माणसं हळवी होतात, दुसरी सांगताना आवाज खाली आणतात. मी रत्नागिरीतच वाढले, त्यामुळे दोन्ही गोष्टी शाळेत जायच्या आधीपासून माझ्या कानावर होत्या. राजवाडा कोणी बांधला, कधी बांधला, राजा त्यात राहिला तरी किती वर्षं, हे मात्र कोणी सांगत नसे.

आम्ही काही जण मिळून गावात वारसा फेऱ्या काढतो. टिळकांचं जन्मघर, रत्नदुर्ग, जुनं बंदर, पतितपावन मंदिर आणि शेवटी थिबा राजवाडा. लोकांच्या हातात द्यायला एक छोटी पुस्तिका करायचं ठरलं आणि राजवाड्याची पानं माझ्याकडे आली. ती लिहिताना काय काय करावं लागलं ते इथे मांडते आहे. कोकणात प्रत्येक बंदराच्या गावात असं एखादं मोठं, जुनं, अर्धवट माहिती असलेलं घर असतंच. त्याच्या मागे लागणाऱ्या कोणाला यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच.

सगळ्यात आधी मी एक लांब कागद भिंतीवर लावला आणि पक्क्या तारखा ओळीने लिहायला घेतल्या. थिबाचा जन्म १८५९. वडील मिंदोन राजा वारल्यावर १८७८ मध्ये तो मंडालेच्या गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांत मंडाले घेतलं. राजा, राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि दोन लहान मुली यांना आगबोटीवर चढवलं. रंगूनहून मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तिसरी मुलगी वाटेत, मद्रासच्या मुक्कामात झाली. चौथी १८८७ मध्ये इथे रत्नागिरीत. मग ओळ बरीच पुढे सरकते आणि नोव्हेंबर १९१० येतो. त्या महिन्यात कुटुंब नव्या राजवाड्यात राहायला गेलं. डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला.

कागदासमोर उभं राहिल्यावर जे दिसलं त्याने पुढचं सगळं काम बदललं. थिबा रत्नागिरीत तीस वर्षं होता आणि राजवाड्यात त्यातली फक्त सहा. आधीची चोवीस वर्षं त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली. ते बंगले साहेब लोकांच्या वापरातले होते, राजाच्या माणसांचा गोतावळा मावेल असे ते नव्हतेच. मुली तिथेच मोठ्या झाल्या. राजाचं तारुण्य तिथेच सरलं. म्हणजे ज्या इमारतीकडे बोट दाखवून आपण 'थिबा इथे राहायचा' असं सांगतो, ती त्याच्या कैदेच्या शेवटच्या टप्प्यात उभी राहिली. आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. नव्या घरात पाऊल ठेवलं तेव्हा एक्कावन्न.

हे एवढं जरी पुस्तिकेत नीट लिहिलं गेलं तरी पुष्कळ, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

पुढची पायरी गॅझेटियरची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाची. मुंबई इलाख्याचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० सालचा, म्हणजे थिबा यायच्या सहा वर्षं आधीचा. त्यात त्याचं नाव असणं शक्यच नाही, पण तो वाचल्याशिवाय हे घर कळणार नाही असं माझं मत झालं आहे. कारण इंग्रजांनी रत्नागिरीच का निवडली याचं उत्तर त्यात पडलेलं आहे. रेल्वे नाही. घाट उतरून येणारी वाट अवघड. मुख्य येणं-जाणं समुद्रावरून, आणि पावसाळ्याचे महिने समुद्र बंद. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं, ब्रह्मदेशापासून अख्खा हिंदुस्थान आड असलेलं गाव. ज्याला जगाच्या नजरेआड ठेवायचं आहे त्याला ठेवायला याहून सोयीची जागा कुठली? कोकण रेल्वे आमच्या दारात आली ती १९९० च्या दशकात. थिबाच्या काळात जूनमध्ये शेवटची बोट गेली की तो गणपतीपर्यंत पुरता बंद.

मग कागदपत्रं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' नावाचं संकेतस्थळ आहे. घरबसल्या नाव नोंदवून परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायली तिथे शोधता येतात, त्यातल्या कितीतरी पानागणिक वाचता येतात. इथे एक व्यवहारी गोष्ट सांगून ठेवते. थिबाचं नाव इंग्रज कारकुनांनी वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलं आहे. एकाच स्पेलिंगवर विसंबलात तर निम्म्या फायली सुटतात. 'ब्रह्मदेशाचा माजी राजा' असं शोधा, 'माजी राणी' असं शोधा, नुसतं 'रत्नागिरी' आणि साल टाकूनही शोधा. प्रत्येक वेळी वेगळं काही वर येतं.

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची बाडं तिथली. ओळखपत्र, शिफारसपत्र, अर्ज हे सोपस्कार झाले की सूची मिळते. सूचीत नजर रोवून बसायचं, चिठ्ठी भरायची आणि बाड येईपर्यंत वाट बघायची. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल हवी. बाड समोर आलं की आधी वास येतो, मग पिवळ्या-तपकिरी पानांवर कसरीने पाडलेली बारीक भोकं दिसतात. ती ओळीच्या मधोमध पडलेली असली की शब्द अंदाजाने लावावे लागतात. तिथली कर्मचारी मंडळी पानं कशी उलटायची ते शांतपणे दाखवतात: कोपऱ्याला धरून नाही, खालून तळहात सरकवून. माझ्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ कुठल्याशा इनामाचे कागद बघत होते. दुपारी डबा उघडताना त्यांनी मला विचारलं, "तुमचं काय, जमीन?" मी म्हटलं, "नाही काका, घर." ते म्हणाले, "मग चिकाटी ठेवा. जमिनीचं एकदाचं सापडतं, घराचं सापडायला वेळ लागतो."

ते खरंच होतं. कौलारू घरात पाणी एका जागी ठिबकतं आणि फुटलेलं कौल भलतीकडेच असतं, वर चढून वाशा-वाशाने माग काढावा लागतो. राजवाड्याचे कागद तसेच निघाले. 'राजवाडा' असं लिहिलेल्या जागी फारसं काही हाती लागत नव्हतं. भत्त्याच्या, दागिन्यांच्या, नोकरांच्या, तब्येतीच्या पत्रव्यवहारात घर येत होतं. राजा पैशासाठी सोबत आणलेली रत्नं विकत होता आणि मधले लोक त्याला लुबाडत होते. राहती जागा अपुरी पडते, गैरसोयीची आहे, अशी त्याची तक्रार पुन्हा पुन्हा. त्याच्यावर लक्ष ठेवायला सरकारने अधिकारी नेमलेला असे, बहुधा पोलीस खात्यातला. राजाच्या घरी कोण आलं, कोण गेलं, बाहेर काय पत्र गेलं, सगळं त्याच्या नजरेखालून. ज्या घरात आपण कुटुंब म्हणून डोकावू पाहतो ते सरकारी कागदात एक खर्चाची बाब म्हणून येतं. आणि तरी, खर्चाच्या त्या रकान्यांतून माणसं दिसतात. त्यासाठी मी पुन्हा पुन्हा तिथे जाऊन बसायला तयार आहे.

या वाचनातली एक बाब मला फार लागली. ती सागवानाची.

राजवाड्याच्या खिडक्या-दारांना ब्रह्मी साग आहे हे रत्नागिरीत सगळे कौतुकाने सांगतात. पण थिबाचं राज्य ज्या निमित्ताने गेलं ते निमित्तही सागवानाचंच. मुंबईत १८६३ मध्ये बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. थिबाच्या मुलखातल्या जंगलांतून साग तोडायचा मक्ता तिच्याकडे होता. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके बाहेर नेले, पूर्ण पट्टी भरली नाही, असा आरोप ठेवून १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीला जबर दंड केला, सुमारे २३ लाख रुपयांचा. इंग्रजांना फ्रेंचांची भीती होतीच, राजा फ्रान्सकडे झुकतो आहे हे त्यांना सलत होतं. दंडाचं निमित्त मिळालं, निर्वाणीचा खलिता गेला, फौज गेली. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. राजाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. आणि पंचवीस वर्षांनी त्याच राजाला जे घर दिलं त्याच्या खिडक्या त्याच देशाच्या लाकडाच्या.

हे वाचल्यावर मी राजवाड्यात पुन्हा गेले ती एका सुतारकाकांना सोबत घेऊन. वय सत्तरीच्या पुढे, हयात जुन्या घरांच्या दुरुस्तीत गेलेली. मला इमारत डोळ्यांनी दिसत होती, पण वाचता येत नव्हती. त्यांना येते.

बाहेरून राजवाडा तांबूस दिसतो. जांभा आणि वीट, तीन मजले, उतरती छपरं, आणि ओळीने अर्धगोल कमानीच्या खिडक्या. काका आधी लांब उभे राहून छपराकडेच बघत राहिले. "पावसाचा विचार नीट केलाय," म्हणाले, "पाणी भिंतीपासून लांब पडंल अशी पागोळी ठेवलीय." मग आत आले आणि खिडकीशी थांबले. कमानीचा वरचा अर्धगोल भाग लाकडाचा, त्यात नक्षी. खाली झडपा. काकांनी चौकटीच्या उभ्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक केलं, खालपासून वरपर्यंत, कान लावून. आवाज सगळीकडे सारखा, भरीव. "आतून पोकळ असता तर बद्द वाजला असता. वाळवी नाय शिरलेली. ह्या लाकडात तेल असतं, वाळवीला नाय आवडत." मग त्यांनी चष्मा वर सरकवून चौकटीचा कोपरा दाखवला. उभं आणि आडवं लाकूड जिथे भेटतं तिथे एक बारीक रेघ, एवढीच. कुसू खाचेत इतका घट्ट बसवलेला की शंभर पावसाळ्यांत सांधा हललेला नाही. रंग जिथे उडाला होता तिथे लाकडाची शीर दिसत होती, सरळ, मधाच्या रंगाची. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "हात इथलाच असंल," म्हणाले, "सांधा आमच्या पद्धतीचा वाटतो."

त्यांचा तो अंदाज कागदाने सिद्ध करता आला तर मला फार आनंद होईल. लाकूड तिकडचं, दगड इथला, आराखडा सरकारी. कारागिरांची नावं अजून हाती आलेली नाहीत. मोठ्या वाड्यांच्या इतिहासात तीच सगळ्यात शेवटी सापडतात.

वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा प्रशस्त दिवाणखाना आहे. राजाला दरबार भरवता यावा अशी ती जागा, पण भरवायला दरबारच उरला नव्हता. मागच्या बाजूला त्याने बसवलेली बुद्धमूर्ती आहे. मला त्या घरातली सगळ्यात खरी जागा तीच वाटते. बाकी सगळं सरकारने दिलेलं, हे एक त्याचं स्वतःचं. थिबाने राजपुत्र असताना बौद्ध धर्मग्रंथांचा अभ्यास केला होता, त्याच्या परीक्षा दिल्या होत्या, ही त्याची बाजू आपल्याकडे कोणी सांगत नाही. दुर्बिणीची गोष्ट सांगायला सोपी जाते म्हणून असेल. इमारतीत आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. ते बघायला वेगळा वेळ काढून जा, घराच्या गडबडीत मूर्तींकडे लक्ष जात नाही.

त्या दिवाणखान्यात उभं असताना मला मंडालेची आठवण न होणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या फेरीचं पहिलं ठिकाण टिळक आळी. टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. तुरुंग होता थिबाच्या राजधानीच्या किल्ल्यात. इंग्रजांनी त्या तटबंदीला फोर्ट डफरिन असं नाव देऊन टाकलं होतं. तारखांच्या कागदावर मी दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. १९१०-११ च्या ज्या हिवाळ्यात थिबाचं कुटुंब रत्नागिरीच्या नव्या वाड्यात स्थिरावत होतं, त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या लाकडी बराकीत बसून गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा माणूस रत्नागिरीत कैद, रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद, आणि दोघांनाही ठेवणारं सरकार एकच. आमच्या फेरीत आता टिळकांच्या घरापाशीच मी हे सांगते. मग राजवाड्यापाशी पोचेपर्यंत लोक त्यावर बोलत असतात.

मंडालेचा मूळ राजवाडा सगळा सागवानी होता. १९४५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात तो जळाला. त्यातली एकच मोठी वास्तू वाचली, कारण ती तिथे नव्हती. मिंदोन राजा ज्या दालनात वारला ते थिबाने उकलून राजवाड्याबाहेर नेलं आणि त्याचा विहार केला होता. तो श्वेनंडॉ विहार आजही उभा आहे. म्हणजे थिबा जिथे राजा होता ते घर गेलं, आणि जिथे त्याला डांबून ठेवलं ते टिकलं.

राजवाड्यातली सहा वर्षं सुखाची नव्हती. धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्ये वारली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. सुपयालतचा हट्ट होता की राजाचं शव ब्रह्मदेशी न्यायचं. सरकारला ते नको होतं, कारण मंडालेत राजाची समाधी झाली तर तिच्याभोवती लोक जमतील. शवपेट्या तशाच राहिल्या. शेवटी १९ मार्च १९१९ ला रत्नागिरीतच राजाला आणि धाकट्या राणीला समाधी मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत राणी आणि मुलींना ब्रह्मदेशी परतायची परवानगी झाली. मंडालेला नाहीच. सुपयालत रंगूनमध्ये राहिली आणि १९२५ मध्ये तिथेच गेली. तिची समाधी तिथल्या श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे, तिच्या नवऱ्याची आमच्या गावात.

समाधी शोधायला मात्र आमच्या फेरीतल्या मुलांनाही विचारत जावं लागलं. राजवाड्याला पाटी आहे, रस्ता आहे, रिक्षावाला न विचारता नेतो. समाधी वस्तीत आहे, आजूबाजूला घरं, वाळत घातलेले कपडे. जांभ्याचं बांधकाम, साधंच. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले, तेव्हा गावातल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की समाधी इथे आहे.

आता थोरल्या राजकन्येबद्दल. पुस्तिकेतली ही पानं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि मंडळात चर्चाही यावरच झाली.

म्यात फया जी तिचं नाव. मंडालेत जन्मलेली, पण आठवतं ते सगळं रत्नागिरीचं. गोपाळ भाऊराव सावंत हा त्यांच्याकडे नोकरीला असलेला इथलाच माणूस. त्याचं लग्न झालेलं होतं. १९०६ मध्ये तिला त्याच्यापासून मुलगी झाली. तिचं नाव टुटू. साल लक्षात घ्या: राजवाड्यात जायच्या चार वर्षं आधी. नव्या घरात राजाच्या कुटुंबाबरोबर ही चार वर्षांची मुलगीही होती. सांगोवांगीच्या गोष्टीत ती सहसा नसते. तिथे फक्त राजकन्या आणि नोकर असतात, आणि खाली आलेला आवाज.

१९१९ ला सगळे ब्रह्मदेशी गेले, पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली. राजाच्या चार मुलींपैकी दुसरी पुढे कालिम्पाँगला जाऊन राहिली. रत्नागिरीत जन्मलेल्या चौथीने मोठेपणी इंग्रज सरकारला जाब विचारणारी पत्रं लिहिली, सरकारने तिला मोलमीनला हलवलं आणि १९३६ मध्ये ती तिथे वारली. तिच्याबद्दल तर आमच्या शहरात एक फलक असायला हवा. थोरली मात्र ह्या मातीत परतली आणि १९४७ मध्ये हलाखीतच गेली. टुटूने शंकर पवार यांच्याशी लग्न केलं, संसार केला, कागदाची फुलं करून, शेण्या थापून घराला हातभार लावला. तिची भाषा मराठी. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात रत्नागिरीच्या एका साध्या घरात, कोणाची काकी, कोणाची आजी म्हणून जगली आणि २००० साली वारली. तिला पाहिलेली माणसं गावात आहेत. एका आजींनी मला सांगितलं, "अगो, ती आमच्यातलीच. दिसायला तेवढी वेगळी. गणपतीत तिच्याकडची फुलं असायची."

मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की हे घरगुती आहे, पुस्तिकेत कशाला. त्यांच्या मनात त्या कुटुंबाबद्दल आदरच होता, उगाच उणंदुणं नको एवढाच हेतू. मला ते पटलं नाही. टुटूला गाळलं तर राजवाड्याचा इतिहास १९१९ मध्ये, बोट सुटताना संपतो, आणि रत्नागिरी त्यात फक्त तुरुंग म्हणून उरते. टुटूमुळे तो इतिहास आपल्या आळीत, आपल्या बोलीत आणखी ऐंशी वर्षं चालतो. मी तिचं पान आदराने लिहिलं, तिच्या नावाने लिहिलं, वंशजांचा कुठलाही ठावठिकाणा न देता लिहिलं. छापण्याआधी ते पान त्या आजींना वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य बदलायला लावलं. मी 'शेण्या थापून गुजराण केली' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "गुजराण कशाला म्हणतेस? कष्ट केले म्हण." तसंच छापलं आहे.

दुर्बिणीची गोष्टही मी ठेवली, फक्त 'रत्नागिरीत असं सांगतात' या शब्दांनी. कागदाने सिद्ध होत नाही म्हणून लोकांची आठवण फेकून द्यायची नसते. ती कोणाची आहे ते नीट सांगावं, म्हणजे झालं. थिबा पॉइंटवर उभं राहिलं की काजळी नदी, भाट्याची खाडी आणि पुढे समुद्र एका नजरेत येतो. ती गोष्ट तिथे का रुजली असेल ते सांगावं लागत नाही.

पुस्तिका निघाली. राजवाड्याच्या पानांवर सगळ्यात वर तीस आणि सहा वर्षांचा हिशेब आहे, मग सागवान, मग मंडाले आणि टिळक, मग समाधीकडे जायचा नकाशा, मग टुटू. फेरीचा क्रमही आम्ही बदलला. आता राजवाडा झाल्यावर समाधीपाशी जाऊनच फेरी संपते. माझं पुराभिलेखागारातलं काम चालूच आहे. बांधकाम खात्याच्या बाडांत रत्नागिरीचे ठेकेदार आणि सुतार यांच्या नोंदी मिळतात का ते सध्या बघते आहे. एखादं नाव जरी मिळालं तरी पुढच्या आवृत्तीत ते खिडकीच्या चित्राखाली छापायचं ठरलं आहे.